घरापुरता माणूस

सरांचा दहावा सीनेच्या काठावर झाला. २०१८ साल, उन्हाळा तोंडावर आलेला. नदीत पाणी कुठं कुठं डबक्यासारखं साचलेलं. पिंड मांडून झाला, भटजींनी हात धुतले आणि आम्ही सगळी माणसं बाभळीच्या सावलीला सरून बसलो. कावळा काही येईना.

कावळा शिवायची वाट बघताना माणसं काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी ऊन, मग पाऊस, मग कांद्याचा भाव आणि मग हळूच मेलेल्या माणसाचा हिशेब. माझ्या शेजारी एक ओळखीचे गृहस्थ बसले होते. तंबाखू मळता मळता म्हणाले, “एवढं इंग्रजी शिकला, पण माणूस घरापुरताच राहिला बघा.”

वाईट बोलायचं म्हणून ते बोलले नव्हते. त्यात खोटंही काही नव्हतं. पण ते वाक्य मला कुसळासारखं टोचलं. ते सरांना लागतं तसं मलाही लागत होतं. मी तर दहावी शिकलेला, शेतात राबलेला आणि घरापुरताच राहिलेला माणूस. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्याबरोबर शेतावर येतो-जातो. जो माणूस आपली सगळी अक्कल, ताकद, उमेद घरासाठी खर्चून टाकतो, त्याचं आयुष्य कमी प्रतीचं का?

सर आमच्याच गावचे. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. त्यांच्या वेळी गावात सातवीपर्यंत शाळा. पुढं सोलापूरला बोर्डिंगात राहून, पहाटे वर्तमानपत्रं टाकून शिकले. इंग्रजी घेऊन एम. ए. झाले आणि सोलापुरातच एका कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले. तेव्हा सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. पेपर तपासायला, मिटिंगला कोल्हापूर गाठावं लागायचं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं २००४ साली आणि त्याच्या पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. ते हसून म्हणायचे, “विद्यापीठ दारात आलं आन् माझी गाडी सुटली.”

१९८८ साली सरांचा धाकटा भाऊ विहिरीवर इंजिनाचा पाईप बसवताना आत पडला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. वय पस्तीस. पदरात दोन मुली आणि एक मुलगा, थोरली आठ वर्षांची. त्यांची आई दोन वर्षांपूर्वीच बाळंतपणात गेलेली. घरात म्हातारी आई. सरांनी सगळ्यांना सोलापूरला आणलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात आठ माणसं. त्यांची स्वतःची एक मुलगी होती. पुढं मूल होऊ दिलं नाही. “चार पुरे,” म्हणाले.

असा माणूस अंथरुणावर असला की त्याला दर दोन-अडीच तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, त्या चिघळतात आणि त्यातच माणूस जातो. सरांनी तीस वर्षं रात्री गजर लावून भावाला कूस बदलून दिली. सकाळी हगणं-मुतणं काढून, अंग पुसून, पावडर लावून मग इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात शेक्सपिअर शिकवायला जायचे. भावाच्या पाठीला एकदाही मोठी जखम झाली नाही. आमच्याकडं बैलाच्या खांद्यावरनं त्याचा धनी कळतो. सर कसे होते ते मला त्या भावाच्या पाठीवरनं कळलं.

आता दुसरी बाजू. सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. आडतीवर कांदा टाकून पट्टीची वाट बघताना मी कितीतरी वेळा त्या चौकातनं गेलोय. त्या चौघांनाही घरं होती. आया होत्या. त्यांनी घराच्या पलीकडं बघितलं म्हणून ते चौकात उभे आहेत.

तसेच डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे. जपाननं चीनवर हल्ला केला होता, तेव्हा १९३८ साली हिंदुस्थानातनं पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात हे होते. तिकडं असतानाच इकडं वडील वारले. तरी ते माघारी आले नाहीत. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथंच लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. मुलगा काही महिन्यांचा होता. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. चीनमध्ये अजून त्यांचं नाव घेतात.

कोटणीस माघारी आले असते, सोलापुरात दवाखाना काढला असता, आईला आणि भावंडांना सांभाळलं असतं, तर आज त्यांचं नाव कुणाला ठाऊक असतं? नसतं. मग आपण मुलांना काय शिकवतो? घर सोडणारा मोठा आणि घर धरून बसणारा लहान. शाळेत गांधी जयंतीला मीही हेच ऐकलं आणि माझ्या पोरांनीही हेच ऐकलं.

मला हा प्रश्न पुस्तकातनं पडलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो, दुपारी सुकडी खायचो. १९७५ ला दहावीची बोर्डाची पहिली बॅच झाली, त्यात मी पास झालो. गुरुजी घरी आले, म्हणाले पुढं शिकवा. पण वडलांचा दमा बळावला होता आणि माझ्या पाठीवर चार भावंडं. कुणी मला बस म्हटलं नाही. मीच पुस्तकं फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कुळव धरला. भाऊ शिकला, पुण्याला नोकरीला लागला. बहिणी उजवल्या. लोक म्हणाले, घरासाठी पोरानं जन्म घातला. ऐकायला बरं वाटायचं. पण रात्री कधी कधी वाटायचं, आपण शिकलो असतो तर?

सर रविवारी गावाकडं यायचे तेव्हा माझ्या वस्तीवर टेकायचे. मला वाचायचा नाद त्यांनीच लावला. एकदा त्यांनी पिशवीतनं एक पुस्तक काढून दिलं, ‘शिवार’. मला वाटलं आपल्याकडचंच असंल. उघडलं तर अमेरिकेतलं. जंगल तोडून जमीन काढणाऱ्या माणसांची गोष्ट. कॉनरॅड रिश्टर नावाच्या लेखकाची कादंबरी जी. ए. कुलकर्णी यांनी मराठीत आणलेली. ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशी तिन्ही मी एकामागून एक वाचली. झाडाच्या मुळ्या उपसून वावर करणारी ती माणसं मला माझ्या आज्यासारखी वाटली.

मग सरांनी मला जी. एं.ची माहिती सांगितली. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी. जन्म १९२३, बेळगावकडचे. धारवाडला कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. बहुतेक नोकरी तिथंच काढली. लग्न केलं नाही. आईवडील आणि सख्ख्या बहिणी मरणानं नेल्या. उरल्या मावसबहिणी. त्यांच्यासाठी हा माणूस थोरला भाऊ होऊन राहिला. घरात त्यांना बाबुआण्णा म्हणायचे. बहिणींपैकी नंदा पैठणकर यांनी पुढं आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘प्रिय बाबुआण्णा’. जी. ए. सभा-संमेलनांना जायचे नाहीत, फोटोला उभे राहायचे नाहीत. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं, त्यावर वाद निघाला तसं त्यांनी ते परत करून टाकलं. निवृत्तीनंतर अखेरीला धारवाड सोडून पुण्याला आले आणि ११ डिसेंबर १९८७ ला तिथंच गेले.

बाहेरच्या जगाला जी. ए. म्हणजे काळा चष्मा लावलेला, कुणाला न भेटणारा माणूस. बहिणींना मात्र बाबुआण्णा. मी सरांना म्हटलं, “म्हंजी हे पण तुमच्यासारखेच. इंग्रजीचे सर आन् घरापुरते.”

सर म्हणाले, “नाही रे. त्यांनी ‘पिंगळावेळ’ लिहिलं, ‘रमलखुणा’ लिहिलं. त्यांचं घर जगाला चालतं, कारण मागं पुस्तकं आहेत. माझ्या मागं काय आहे?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण आता एक गोष्ट कळते. जी. एं.ची सगळी पुस्तकं बाजूला काढून ठेवली, तर त्या बहिणींच्या दृष्टीनं बाबुआण्णा कमी होतो का? होत नाही. पुस्तकांनी तो आपल्यासाठी मोठा झाला. त्यांच्यासाठी तो आधीच होता. म्हणजे माणूस किती मोठा हे कोण मोजतंय त्यावर असतं. चौकातनं मोजलं तर एक माप, उंबऱ्याच्या आतनं मोजलं तर दुसरं. आणि आतल्या मापाला लबाडी चालत नाही. सभेत तास-दोन तास चांगलं दिसता येतं. रात्री अडीच वाजता भावाला कूस बदलून देताना कोण बघायला बसलंय?

इथपर्यंत सगळं सरांच्या बाजूनं झालं. पण सर स्वतः असं बोलू द्यायचे नाहीत. एकदा हुरड्याला आले होते. आगटी पेटलेली, कणसं भाजत होतो. मी कुणापुढं तरी बोलून गेलो की सरांनी घरासाठी केवढा त्याग केला. ते सगळे गेल्यावर सर म्हणाले, “त्याग म्हणू नको. भाऊ पडला त्या साली माझं हैदराबादला पीएच.डी.साठी जायचं ठरलं होतं. इंग्रजीची केंद्राची संस्था आहे तिथं. कागद हातात होता. भाऊ पडला आणि मी गेलो नाही. लोकांनी वाहवा केली. पण खरं सांगू? कागद हातात आला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. तिथं देशभरची हुशार पोरं येणार. मी खेड्यातला. आपल्याला जमंल का? भाऊ पडला आणि मला एक चांगलं कारण मिळालं. आता प्रेम किती आणि भीती किती, याचा हिशेब माझा मलाच लागत नाही.”

आगटीतला जाळ खाली बसला तरी आम्ही दोघं गप्प होतो. मला माझी माळ्यावरची पुस्तकं आठवली. मी कुळव धरला तेव्हा मलाही बीजगणिताची धास्ती होतीच की. वडलांचा दमा खरा होता. धास्तीपण खरी होती.

मला वाटतं, इथं आपण उगाच सोनं पारखायला बसतो. मन शंभर टक्के स्वच्छ असंल तरच काम चांगलं, असं धरलं तर जगात एकही काम चांगलं उरणार नाही. भीतीनं घरात थांबणारे पुष्कळ असतात. पण भीतीनं थांबलेला माणूस पुढं घरावर डाफरतो, बायकापोरांना ऐकवतो की तुमच्यामुळं माझं वाटोळं झालं. सरांनी तीस वर्षांत भावाला एकदाही तसं ऐकवलं नाही. सुरुवात भीतीनं झाली असंल, पण रोज रात्री उठणं भीतीनं होत नाही. पेरताना बी कसंही पडलेलं असो, राखण कशी केली त्यावर रास ठरते.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

१९९९ ला माझी थोरली मुलगी दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के घेऊन पास झाली. गावात पहिली. त्याच वर्षी तिच्या आईचं ऑपरेशन झालं होतं, धाकटी दोन पोरं शाळेत, म्हातारी आई घरात. मी मुलीला म्हटलं, “बाय, एक वर्ष थांब.” ती काही बोलली नाही. सरांना कळलं तसे ते मधल्या वारीच एस.टी.नं आले. म्हणाले, “तिला माझ्याकडं पाठव. चार आहेत, पाचवी होईल.”

मी म्हटलं, “सर, घर कुणी बघायचं? मी नाही का घरासाठी शाळा सोडली? तुम्ही नाही का हैदराबाद सोडलं?”

सर एरवी कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. “तू तुझं सोडलंस. मी माझं सोडलं. तिचं तू सोडतोयस. तिला विचारलंस का?”

मी विचारलं नव्हतं. आणि नंतरही विचारलं नाही. एक वर्षाची दोन झाली, २००२ ला तिचं लग्न लावून दिलं. पोरगी सुखात आहे, जावई चांगला आहे, पण त्यामुळं माझी चूक बरोबर होत नाही. लोक मला घरासाठी झिजलेला माणूस म्हणतात, तेव्हा मला ती दोन वर्षं दिसतात. पहाटे उठून भाकरी थापणारी सतरा वर्षांची पोर आणि चुलीवरच्या फळीवर दहावीचं मार्कशीट घडी घालून ठेवलेलं.

घरासाठी जगणं ही चांगली गोष्ट आहे का, असं नुसतं विचारून भागत नाही. घरासाठी कुणाचं जगणं खर्ची पडतंय, हे विचारलं पाहिजे. स्वतःच्या राशीतलं पोतं उचलून दिलं तर ते देणं. दुसऱ्याच्या खळ्यातलं उचलून दिलं तर ती चोरी, मग ते पोतं देवळात का दिलेलं असेना. आणि आपल्याकडं दुसऱ्याचं खळं म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या बाईचं असतं.

सरांच्या घरातही हे होतंच. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डी.एड. झालेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला होत्या. दीर अंथरुणावर आला आणि काकूंनी नोकरी सोडली. दिवसा कूस बदलायचं काम त्यांचं, रात्री सरांचं. सर दिवसा कॉलेजात जायचे, चार माणसांत बसायचे, शिकवायचे. काकू तीस वर्षं त्या खोलीत. पण गावानं हार घातला तो सरांना. ‘कुटुंबवत्सल प्राध्यापक’ असं छापलेलं निमंत्रण माझ्याकडं अजून आहे. बाप्यानं घर सांभाळलं की सत्कार, बाईनं सांभाळलं की ती रीत. माझ्या आईला जन्मात कुणी कुटुंबवत्सल म्हटलं नाही.

सरांना हे कळत होतं. त्या सत्काराला ते उभे राहिले, हार काढून काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, “मी निवडलं. हिला निवडायला वेळच मिळाला नाही.” एवढंच बोलून बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी वाजवल्या नाहीत. त्या हाराकडं बघत होत्या.

विंदा करंदीकर हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. मराठीला ज्ञानपीठ आणून देणारे कवी. त्यांच्या पत्नी सुमा करंदीकर यांनी ‘रास’ नावाचं आपलं आत्मकथन लिहिलं. मला ते नाव फार आवडतं. प्रत्येक घरातल्या बाईनं आपली रास एकदा तरी उघड्यावर ओतून मोजावी. घरापुरत्या माणसाची खरी परीक्षा तिथं होते. काकूंनी काही लिहिलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “ह्यांनी मला फसवलं नाही. आणि दमले असले तरी उष्टं ताट माझ्यापुढं ढकललं नाही. पण शाळेची घंटा आठवते रे मला.” मला वाटतं, सरांच्या आयुष्यावर याहून खरा शेरा कुणी मारला नसंल.

मग कोटणीस मोठे की सर? आता मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. कोटणिसांनी आपलंच आयुष्य दिलं, सरांनीही आपलंच दिलं. पण दोघांच्या मागं काही माणसं होती, त्यांनीही दिलं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कोटणिसांच्या आईनं पोरगा दिला. काकूंनी शाळा दिली. चौकात पुतळा उभा राहो की न राहो, त्या देण्याची नोंद कुठंतरी पाहिजे. आणि जो मागं राहून सांभाळतो त्याच्याविना बाहेर पडणाऱ्याला बाहेर पडता येत नाही. माझा भाऊ पुण्याला गेला, कारण कुळव मी धरला. बांधानं पाणी अडवलं म्हणून खालच्या विहिरीला झरा लागतो. बांधाचं नाव कुणी घेत नाही, पण बांध फुटला की सगळ्यांना कळतं.

त्या दिवशी सीनेवर दीड तास झाला तरी कावळा येईना. कुणीतरी म्हणालं, सरांचा जीव कशात तरी अडकलाय, बोला काहीतरी. सरांची थोरली पुतणी उठली. तीच, जी भाऊ पडला तेव्हा आठ वर्षांची होती. आता सोलापुरात बँकेत आहे. पिंडापुढं हात जोडून म्हणाली, “काका, बाबांना आणि काकूला मी बघते.” माझ्या मनात आलं, पुन्हा बाईच. तेवढ्यात तिचा भाऊ तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. म्हणाला, “दोघं बघू. दिवस वाटून घेऊ.” मागनं सरांची मुलगी म्हणाली, “तिघं.”

कावळा आला. त्याचं त्याला ठाऊक कशानं आला. शेजारच्या गृहस्थांनी तंबाखू थुंकली, धोतर झटकलं आणि उठले. मला त्यांना म्हणायचं होतं, माणूस घरापुरता राहिला हे खरं, पण ते घर बघा. म्हणालो नाही. त्यांनीही बघितलंच होतं.

गेल्या वर्षी माझी नात, त्याच थोरल्या मुलीची मुलगी, बी. ए. झाली. इंग्रजी घेऊन. पुढं शिकायला पुण्याला जायचं म्हणाली. घरात तिची आजी अंथरुणाला, म्हणजे माझ्या मुलीची सासू. जावई म्हणाले, घरचं कसं व्हायचं. मी काही बोलायच्या आत माझी मुलगी म्हणाली, “ते आपण मोठी माणसं बघू. तिला विचारा तिला काय पाहिजे.”

मग माझ्याकडं बघितलं. पंचवीस वर्षांत या विषयावर ती माझ्याशी बोललेली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. मी त्या वर्षीची कांद्याची पट्टी खिशातनं काढून नातीच्या हातात दिली.